आधी भाकरी, मग वही : अपयशाच्या भीतीविषयी एक उत्तर

प्रश्न असा आला आहे : “मी नाशिकरोडला राहते, वय २७. सीए फायनलला दोन वेळा बसले आणि दोन्ही वेळा विषयवार उत्तीर्ण होऊनही एकूण गुणांत थोडक्यात राहिले. आता पुन्हा फॉर्म भरायचा आहे, पण संकेतस्थळ उघडले की हात थरथरतात आणि मी लॅपटॉप बंद करते. मी लहानपणापासून मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वाढले, संडे स्कूलमध्ये शिकवते. तरीही एवढी भीती वाटते, म्हणजे माझा विश्वासच कमी आहे का? आणि विश्वासाने ही भीती जाते, असे सगळे म्हणतात, ती जाते तरी कशी?”

प्रिय भगिनी, सलाम.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याने तुमच्या डोक्यावरचे ओझे विनाकारण दुप्पट केले आहे. भीती वाटते म्हणून विश्वास कमी, हे समीकरण पवित्र शास्त्रात नाही. ५६ व्या स्तोत्रात दावीद राजा म्हणतो, “मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन.” हे स्तोत्र तो गथ गावी पलिष्टी या शत्रूंच्या हाती सापडला त्या प्रसंगाचे आहे, असे त्याच्या मथळ्यातच लिहिलेले आहे, म्हणजे हे वाक्य सुखरूप घरी बसलेल्या माणसाने लिहिलेले नाही. त्यातला ‘तेव्हा’ हा शब्द नीट पाहा. भीती येणार हे त्याने धरलेलेच आहे, आणि भाव ठेवण्याची वेळ त्याने तिच्या आतच ठरवली आहे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशू व्याकूळ झाला आणि आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे हे त्याने शिष्यांपासून लपवले नाही. तेव्हा विश्वास मोजायला थरथरणारे हात हे माप वापरू नका. गेली अठ्ठावीस वर्षे मी पाळक म्हणून आणि त्यांतली बरीचशी समुपदेशक म्हणून काम करतो आहे. माझ्यासमोर बसून सर्वांत जास्त थरथरलेली काही माणसे ही मला भेटलेल्या सर्वांत विश्वासू माणसांपैकी होती.

दुसरा प्रश्न मोठा आहे आणि त्याला वेळ द्यावा लागेल. भीती जाते कशी, हे पाहण्याआधी ती नेमकी कशाची आहे हे पाहू. तुम्ही सीए फायनलपर्यंत आलात, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, केली, म्हणजे कठीण अभ्यासाची तुम्हाला भीती नाही. नापास होण्याचा अनुभवही आता अनोळखी नाही. दोनदा झाला आणि तुम्ही त्यातून बाहेर आलात. मग हात कशाने थरथरतात? माझा अनुभव असा आहे की माणूस अपयशाला जितका भितो त्याच्या कितीतरी पट अधिक तो अपयशानंतर ज्या चेहऱ्यासमोर उभे राहावे लागेल त्या चेहऱ्याला भितो. कुणासाठी तो चेहरा वडिलांचा असतो, कुणासाठी मंडळीतल्या बायकांचा, कुणासाठी गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या आणि पुढे निघून गेलेल्या मैत्रिणीचा. आणि विश्वासू माणसाच्या बाबतीत या सगळ्या चेहऱ्यांच्या मागे, बहुतेक वेळा त्याच्याही नकळत, देवाचा चेहरा असतो.

मत्तयाच्या २५ व्या अध्यायातला तालांतांचा दाखला तुम्ही संडे स्कूलमध्ये शिकवला असेल. एक मालक प्रवासाला निघताना तीन दासांना पाच, दोन आणि एक तालांत सोपवून जातो, तो हा दाखला. मुलांना आपण त्यातून मेहनतीचा धडा देतो. मला तो भीतीविषयीचा सर्वांत अचूक धडा वाटतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्या दासाला सर्वांत कमी मिळाले त्याच्या हातातही साधारण वीस वर्षांची कमाई होती. त्याने ती जमिनीत पुरली. मालक परत आल्यावर तो काय बोलतो ते पाहा. भांडवल अपुरे होते किंवा बाजार मंदा होता, अशी सबब तो सांगत नाही. त्याचे पहिलेच वाक्य मालकाच्या स्वभावाविषयी आहे : आपण कठोर माणूस आहात, हे मला ठाऊक होते. आणि दुसरे, म्हणून मी भ्यालो. पुरणे हे सर्वांत शेवटी येते. त्याच्या आधी भीती आहे आणि तिच्याही आधी मालकाचे एक चित्र आहे. ते चित्र खरे होते का? जो मालक प्रवासाला निघताना एका दासाच्या हातात वीस वर्षांची मजुरी ठेवून जातो, त्याला कंजूष आणि कठोर म्हणायला त्या दासाकडे कोणता पुरावा होता? दाखल्याचा शेवट कडक आहे आणि मी तो मऊ करून सांगणार नाही. परंतु पाच तालांतांचे दहा करणाऱ्याला आणि दोनांचे चार करणाऱ्याला मालक जे बोलतो ते अक्षरश: एकच वाक्य आहे, हेही दुर्लक्षून चालणार नाही. आकडे वेगळे असूनही शाबासकी एकच आहे, आणि तिच्यातला शब्द ‘यशस्वी’ नसून ‘विश्वासू’ आहे.

तुम्ही लॅपटॉप बंद करता ती क्रिया आणि त्या दासाने खड्डा खणला ती क्रिया यांत मला फारसा फरक दिसत नाही. हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. मी स्वत: असा एक खड्डा खणलेला आहे, म्हणून तो ओळखतो.

पंचवीस वर्षांपूर्वी मी दिंडोरी तालुक्यातल्या एका लहान मंडळीत होतो. तिथे मी मंडळीतल्या कुटुंबांचा बचत गट सुरू केला. हेतू चांगला होता, हिशेब कच्चा होता. कर्जे माझ्या शब्दावर दिली गेली, दोन मोठी कर्जे थकली आणि ज्यांनी घासातला घास काढून पैसे ठेवले होते त्यांचे पैसे अडकले. वही माझ्या कपाटात होती. ती उघडायची म्हटले की पोटात गोळा यायचा, म्हणून मी ती उघडत नसे. रविवारी उपदेश करून मी मागच्या दाराने निघून जाऊ लागलो. मंडळीतले एक वडीलजन होते, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणत असू. अडकलेल्या पैशांत त्यांचेही पैसे होते, आणि त्याच वर्षी तोडणीच्या तोंडावर अवकाळी पावसाने त्यांच्या द्राक्षबागेतल्या मण्यांना तडे गेले होते. एका दुपारी त्यांची एम-८० दुचाकी माझ्या दाराशी थांबली. मला वाटले, आता हिशेब. ते आत आले, खांद्यावरच्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि म्हणाले, “पाळकसाहेब, जेवला का?” डब्यात बाजरीच्या दोन भाकऱ्या, भरीत आणि कांदा होता. आम्ही जेवलो. ते पावसाविषयी बोलले, त्यांच्या नातवाविषयी बोलले. हात धुतले, धोतराला पुसले, पुन्हा बसले आणि मग म्हणाले, “आता वही काढा.”

ती वही आम्ही संध्याकाळपर्यंत पाहिली. एकही आकडा त्यांनी झाकला नाही आणि मलाही झाकू दिला नाही. माझी चूक कुठे झाली हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. पैसे फिटायला पुढे पावणेदोन वर्षे लागली. परंतु त्या दुपारनंतर वही उघडायला मला भीती वाटली नाही. हा बदल कशाने झाला, यावर मी अनेक वर्षे विचार केला आहे. त्यांनी आधी वही मागितली असती आणि हिशेब जुळल्यावर डबा उघडला असता, तर मी ती भाकरी कदाचित खाल्लीही नसती. त्यांनी क्रम बदलला. जग आधी हिशेब मागते आणि हिशेब चोख असेल तर पंगतीत बसवते. आप्पांनी आधी पंगतीत बसवले आणि मग हिशेब मागितला. पण मागितला जरूर.

ख्रिस्ती विश्वास अपयशाच्या भीतीवर काय करतो, असे मला कुणी एका वाक्यात विचारले तर मी म्हणेन की तो हा क्रम बदलतो. आणि एकदा हा क्रम लक्षात आला की तो पवित्र शास्त्रात जागोजाग दिसू लागतो. संदेष्टा एलिया राणी ईजबेलीच्या धाकाने पळून रानात एका झुडपाखाली बसतो आणि आता पुरे झाले, माझा प्राण घे, असे म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी असते. तो खातो, झोपतो, पुन्हा उठून खातो. “एलिया, तू येथे काय करीत आहेस?” हा प्रश्न त्याला चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर विचारला जातो. प्रश्न टळत नाही, फक्त भाकरीच्या आधी येत नाही.

येशूचा शिष्य पेत्र याचा प्रसंग तर याहून जवळचा आहे. येशूला अटक झाली त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात थंडीमुळे कोळशाचा विस्तव पेटवलेला होता. तिथे, आणि त्या विस्तवापाशी शेकत उभा असताना, पेत्राने एकूण तीनदा सांगितले की मी येशूला ओळखत नाही. कोळशाच्या विस्तवासाठी योहानाने जो ग्रीक शब्द वापरला आहे तो सगळ्या नव्या करारात फक्त दोनदा येतो : एकदा या वाड्यात आणि दुसऱ्यांदा २१ व्या अध्यायात, तिबिर्याच्या समुद्रकिनारी. तिथे शिष्यांनी रात्रभर जाळी टाकूनही काही मिळालेले नाही. म्हणजे पेत्र शिष्य म्हणून हरलेला आहे आणि आता आपल्या जुन्या धंद्यातही रिकाम्या हातांनी परतला आहे. पहाटे किनाऱ्यावर येशूने कोळशाचा विस्तव पेटवलेला आहे, त्यावर मासळी आहे, शेजारी भाकर आहे. तो वास पेत्राला कुठे घेऊन गेला असेल, याची कल्पना करा. आणि प्रभूचे बोलणे काय? “या, न्याहारी करा.” ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय’ हा प्रश्न, आणि तोही तीनदा, न्याहारी झाल्यावर येतो. तीन नाकारांची वही त्याच विस्तवापाशी उघडली जाते, एकेक नाकार एकेका होकाराने फिटतो, आणि प्रत्येक होकाराला जोडून काम दिले जाते : माझी मेंढरे चार. ज्याने हरून दाखवले त्याच्याच हाती कळप दिला गेला.

तुम्ही विचाराल, हे सगळे माझ्या परीक्षेशी कसे जोडायचे? येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग घ्या. “हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे, ह्याच्याविषयी मी संतुष्ट आहे,” ही वाणी झाली तेव्हा मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने अजून एकही चमत्कार केलेला नव्हता, एकही उपदेश दिलेला नव्हता, एकही शिष्य जमवलेला नव्हता. बापाची पसंती कामाच्या शेवटी प्रमाणपत्रासारखी आली नाही. ती सुरुवातीला आली आणि काम तिच्यातून निघाले. तुमचाही बाप्तिस्मा झालेला आहे. ख्रिस्ताच्या ठायी तुमच्याविषयी जे बोलायचे ते देव बोलून चुकला आहे, आणि गुणपत्रिकेवर काहीही आले तरी ते मागे घेतले जाणार नाही. हे केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातली सारी कृपेची शिकवण यावरच उभी आहे, की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, आपण सुधारल्यानंतर नव्हे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण तिने आपल्या तरुणांचे फार नुकसान केले आहे. विश्वास ठेवला की यश मिळतेच, असा उपदेश हल्ली सर्रास ऐकू येतो आणि त्यासाठी दोन वचने हमखास वापरली जातात. पहिले, ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.’ पौलाने हे फिलिप्पैकरांना बंदिवासातून लिहिले आणि त्याच्या आधीच्याच वाक्यात तो तृप्त असण्याविषयी व भुकेला असण्याविषयी, विपुलतेविषयी व गरजेत असण्याविषयी बोलतो आहे. म्हणजे ‘सर्वकाही’मध्ये नापास होऊन उभे राहणेही येते. दुसरे, यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातले चांगल्या भविष्याचे वचन. ते बाबेलात कैद करून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि त्याच पत्रात सुटकेला सत्तर वर्षे लागतील असेही सांगितले आहे. त्या वेळच्या प्रौढ वाचकांपैकी बहुतेकांच्या हयातीत ती सुटका आली नाही. या वचनांना यशाची हमी म्हणून वापरले की परीक्षेत नापास होणारी मुलगी विश्वासातही नापास ठरते, आणि मग तिची भीती कमी होण्याऐवजी दुप्पट होते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे मूळ मला इथे दिसते. दर फेब्रुवारीत तुमच्याच नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला सर्व धर्मांचे लोक आपापली गाऱ्हाणी घेऊन येतात. त्या रांगेतल्या कुणाच्याही मागण्याला मी कमी लेखत नाही, कारण बापाकडे मागावेच. परंतु मागणे हा सौदा झाला, की न मिळणे ही शिक्षा वाटू लागते.

याच कारणाने, तुमचे दोन प्रयत्न वाया गेले ती देवाने केलेली छाटणी होती, असेही मी म्हणणार नाही. आपल्या भागात द्राक्षवेलाचा दाखला, देव फळ देणारा फाटा अधिक फळासाठी छाटतो असे सांगणारा, फार लवकर ओठांवर येतो. गारपिटीने बाग झोपलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहून मी तो कधी सांगितलेला नाही आणि सांगणारही नाही. मात्र बाग पाहून मला योहानाच्या १५ व्या अध्यायातली एक गोष्ट उमगली, ती सांगतो. तोडणी आटोपल्यावर एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. सगळ्या काड्या कापल्या जातात, मांडवाखाली नुसती खोडे आणि ओलांडे, म्हणजे आडवे फाटे, उरतात, आणि नव्या माणसाला वाटते की बाग संपली. पुढच्या फळाची सूक्ष्म घडनिर्मिती नेमकी त्यानंतर, भर उन्हाळ्यात, नव्याने फुटलेल्या काड्यांच्या डोळ्यांत, म्हणजे कोंब फुटतात त्या जागी, होते. घड डोळ्यांना दिसतो तो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. एप्रिल ते ऑक्टोबर काडीला दाखवण्यासारखे काहीही नसते. तिचे काम वेलाला जोडलेले राहणे एवढेच. त्या अध्यायात प्रभू फळाविषयी बोलतो, पण आज्ञा ‘फळ काढा’ अशी नाही, ‘माझ्यामध्ये राहा’ अशी आहे. तुमच्या वाट्याचे काम राहण्याचे आहे, आणि अभ्यास हा त्या राहण्याचा भाग आहे.

आता वहीकडे येऊ. आप्पांनी ती मागितली होती, म्हणून मीही मागतो.

सीए फायनलचा नियम तुम्हाला पाठ आहे : प्रत्येक विषयात किमान ४० आणि गटात, म्हणजे एकत्र दिलेल्या विषयांच्या संचात, एकूण ५० टक्के. तुम्ही विषयवार उत्तीर्ण होऊन एकूण गुणांत राहिलात. याचा अर्थ कुठलाही एक विषय तुम्हाला येत नाही असा होत नाही. अनेक विषयांत तुम्ही चाळिशीच्या आसपास रेंगाळता आणि वर खेचणारा एखादा विषय नाही, असा होतो. एका विषयात ६० पडले असते तर एकूण गुणांनाही आधार मिळाला असता, आणि गट राहिलाच तरी त्या विषयात पुढच्या तीन परीक्षांसाठी सूट मिळाली असती. पण हे सगळे मी अंदाजाने बोलतो आहे, कारण मला खरी गोष्ट हवी आहे ती वेगळीच. निकालानंतर ठराविक मुदतीत उत्तरपत्रिकांच्या प्रमाणित प्रती मागवता येतात. तुम्ही मागवल्या होत्या का? माझ्याकडे आलेल्या सीएच्या मुलांपैकी बहुतेकांनी मागवलेल्या नव्हत्या. ‘वेळ नव्हता’ असे ते सांगत, आणि थोडे बोलल्यावर कबूल करत की पाहायची हिंमत नव्हती. ती तुमची कपाटातली वही आहे. प्रती हाताशी असतील तर त्या उघडा, नसतील तर दोन्ही गुणपत्रिका घ्या, पण एकट्याने उघडू नका. कुणाबरोबर तरी जेवून मग उघडा. हे मी शब्दश: सांगतो आहे.

फॉर्मच्या बाबतीत मनाची एक रीत समजून घ्या. पान उघडल्यावर छाती धडधडते, बंद केल्यावर एकदम हलके वाटते, आणि ते हलके वाटणेच घात करते, कारण त्यातून मन शिकते की बंद केले म्हणून वाचलो. पुढच्या वेळी धडधड अधिक लवकर सुरू होते. याला तोडगा धैर्य गोळा करण्याचा नाही, थांबून राहण्याचा आहे. आज पान उघडा आणि काहीही न भरता दहा मिनिटे समोर बसा. धडधड वाढेल, टिकेल आणि मग आपोआप उतरेल. ती उतरण्याआधी पान बंद करायचे नाही, एवढाच नियम. उद्या नाव, पत्ता भरा. परवा गट निवडा. पैसे भरण्याच्या दिवशी आईला किंवा मैत्रिणीला शेजारी बसवा. त्या दहा मिनिटांत ५६ व्या स्तोत्रातले ते एक वाक्य श्वासाबरोबर म्हणत राहा. भीती घालवण्यासाठी ते म्हणायचे नाही. भीती असताना तोंड कुणाकडे करायचे, याचा तो सराव आहे.

सकाळच्या प्रार्थनेतही क्रम बदलून पाहा. सध्या तुमची प्रार्थना ‘प्रभू, मला पास कर’ इथून सुरू होत असावी. काही दिवस पहिली दहा मिनिटे मागणे बाजूला ठेवा आणि बाप्तिस्म्याच्या वेळची ती वाणी स्वत:चे नाव घालून ऐका. त्यानंतर जे मनात आहे ते आडपडदा न ठेवता बोला, राग असेल तर तोही. १३ वे स्तोत्र ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असेच सुरू होते. आपल्याकडे मुलींना प्रार्थनेतही शहाण्यासारखे बोलायला शिकवले जाते. दाविदाला तसे कुणी शिकवले नव्हते.

मंडळीविषयी एक कबुली मला द्यावी लागेल. निकाल लागला की उत्तीर्ण मुलांची नावे आपण उपासनेत पुकारतो, पेढे वाटतो, टाळ्या वाजवतो. जी मुले राहिली त्यांच्याकरता त्याच रविवारी, त्याच व्यासपीठावरून प्रार्थना झाल्याचे मला आठवत नाही, आणि अनेक वर्षे ते व्यासपीठ माझ्याच हाती होते. तुमच्या भीतीतला काही वाटा आम्ही वडील मंडळींनी निर्माण केलेला आहे. उपासना संपल्यावर ‘निकाल काय लागला?’ असे कुणी विचारले तर द्यायचे उत्तर आधीच ठरवून ठेवा : “राहिला, काकू. पुन्हा बसते आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा.” तीन लहान वाक्ये. पहिल्या वाक्यात खरे, दुसऱ्यात पुढचे काम, आणि तिसऱ्यात विचारणाऱ्या काकूंनाही काहीतरी करायला दिलेले. मी अनेकांकडून ही वाक्ये आरशासमोर म्हणवून घेतली आहेत.

आणि मंडळीत एक बर्णबा शोधा. योहान मार्क नावाचा तरुण पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर सुवार्तेच्या प्रवासाला निघाला आणि पंफुल्यातल्या पिर्गा येथून अर्ध्यावर परत गेला. पुढच्या प्रवासात त्याला बरोबर घ्यायला पौलाने साफ नकार दिला; त्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात एवढी तेढ पडली की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. तिथे त्याने त्याला काय शिकवले याची नोंद नाही. पण बऱ्याच वर्षांनी तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. पौलाचे मत बदलेपर्यंत मार्काला कुणीतरी उभे करून ठेवले होते. आपल्याच मातीतले उदाहरण हवे असेल तर नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे घ्या. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे ख्रिस्तायन हे येशूच्या जीवनावरचे काव्य अपुरे राहिले होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पुरे केले. अर्धे राहिलेले काम एकट्या माणसाचे राहत नाही, हे आपल्या मंडळीला तरी ठाऊक असायला हवे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरी विचारतो. झोप लागत नाही का? जेवण तुटले आहे का? आपण नसतो तर बरे झाले असते, असा विचार मनात येऊन जातो का? यांतले काहीही दोन-तीन आठवडे टिकून असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि शेवटचा विचार एकदा जरी आला असेल तर आजच कुणाला तरी सांगा. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. गोळ्या घेणे हा अविश्वास नाही. पौलाच्या सोबत्यांपैकी लूक हा वैद्य होता आणि पौल त्याचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असाच करतो.

तिसऱ्यांदा बसूनही तुम्ही राहू शकता. हे मी लपवत नाही, कारण लपवले तर वर लिहिलेले सगळे खोटे ठरेल. पुन्हा बसायचे की दुसरा मार्ग धरायचा, हा निर्णयही तुमच्यापुढे मोकळा आहे. आर्टिकलशिप केलेल्या माणसाला काम मिळते आणि त्या कामातही देवाची सेवा होते. मात्र तो निर्णय वही पाहून घ्या, लॅपटॉप बंद करून नव्हे. आणि बसायचे ठरले तर आणखी एक गोष्ट आजच ठरवून टाका : निकालाच्या दिवशी सकाळी न्याहारी कुणाच्या घरी करायची. त्या घरी आजच कळवून ठेवा की निकाल काहीही लागो, मी येणार आहे. निकाल त्यांच्या टेबलावर, खाऊन झाल्यावर उघडा. कुठले घर सुचलेच नाही तर आमच्याकडे या. पाळकीणबाई पोहे चांगले करतात, आणि वही पाहायला मी असेनच.